नायट्रेटचे रिकामे तास: अँजायनाची गोळी नेमकी कधी घ्यायची

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, "दिवसातून दोनदा". दोनदा म्हणजे सकाळ-संध्याकाळ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की एक गोळी सकाळी आठला आणि दुसरी रात्री आठला घेतली जाते. बहुतेक औषधांना ते चालतं. अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेसाठी, दिलेल्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या नायट्रेट कुळातल्या औषधाच्या साध्या गोळीला मात्र चालत नाही. ती सकाळी आठला आणि दुपारी तीनला घ्यायची असते. दुसऱ्या गोळीच्या वेळेतला हा पाच तासांचा फरक किरकोळ दिसतो, पण औषध लागू पडणार की नाही हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरतं. रोज काही तास शरीराला नायट्रेटपासून पूर्ण सुटी मिळाली नाही, तर एक-दोन दिवसांतच शरीर त्याला सरावू लागतं. मग गोळी नियमित पोटात जात राहते आणि जिना चढताना छाती मात्र पूर्वीसारखीच भरून येते.

ज्या तासांत औषध घ्यायचं नाही, ते तास उपचाराचाच भाग आहेत. हे ज्याला पटलं त्याला बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. त्या आपोआप उमगतात.

दुखणं छातीत, औषधाचं काम शिरांत

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतून चरबीयुक्त थर साचला की वाट अरुंद होते. शांत बसलेलं असताना जेवढं रक्त पोहोचतं तेवढं पुरतं. चढ लागला, घाईने चाललं, मनावर ताण आला की ते कमी पडतं. ऑक्सिजनला आचवलेला स्नायू तक्रार करतो. छातीच्या मधोमध दाब येतो, जड वाटतं, कुणीतरी आवळतंय असं वाटतं, आणि कधी ती कळ जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरते. थांबलं, बसलं की काही मिनिटांत ओसरते. ठरावीक श्रमाला ठरावीक त्रास, हे स्थिर अँजायनाचं रूप. मधुमेह असलेले, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यातल्या काहींना दुखतच नाही. नुसता दम लागतो किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. त्यांच्या बाबतीत तोच अँजायना समजायचा.

नायट्रेट हे "हृदयाची नळी मोठी करणारं औषध" आहे असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हृदयाच्या धमन्या ते थोड्याफार सैल करतं, पण त्याचं मोठं काम चालतं ते हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या शिरांमध्ये. शिरा सैलावल्या की रक्त पायांत आणि पोटात थोडं अधिक रेंगाळतं, हृदयाकडे येणारा लोंढा कमी होतो, हृदयाचा कप्पा कमी ताणला जातो, आणि प्रत्येक ठोक्याला लागणारं बळ घटतं. म्हणजे पुरवठा थोडा वाढतो, पण खरी उतरते ती मागणी. नायट्रेट घेतल्यावर उठताना भोवळ का येते, याचं उत्तरही यातच आहे: रक्त खाली थांबलेलं असतं.

शिरेच्या भिंतीत नायट्रेटचं रूपांतर नायट्रिक ऑक्साइड या वायूत होतं आणि हा वायू भिंतीतल्या स्नायूला सैल पडण्याचा निरोप देतो. रक्तवाहिन्या स्वतःही हाच निरोप वापरतात, हे उलगडून दाखवल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. औषध मात्र त्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधीपासून वापरात होतं. याच कुळातलं नायट्रोग्लिसरीन अँजायनावर चालतं हे विल्यम मरेल या डॉक्टरांनी १८७९ मध्येच लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. लांब पल्ल्याचं, म्हणजे रोज घ्यायचं आणि कित्येक तास पुरणारं नायट्रेट त्रास कमी करतं, चालण्याची ताकद वाढवतं. पण धमनीतला थर ते विरघळवत नाही आणि आयुष्य वाढवतं असं सिद्ध झालेलं नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-४ या चाचणीत हार्ट अटॅक आलेल्या ५८ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना महिनाभर मोनोनायट्रेट दिलं होतं. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पुढचा अटॅक टाळण्याचं काम स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) आणि अॅस्पिरिनसारखी औषधं, रक्तदाब-साखरेवरचा ताबा आणि तंबाखू सोडणं यांचं आहे. म्हणून "छातीत दुखायचं थांबलं, आता बाकीच्या गोळ्या कशाला" हा विचार धोक्याचा. ज्या गोळ्या घेतल्यावर काहीच जाणवत नाही, त्याच इथे जास्त मोलाच्या असतात.

अँजायना रोखण्यासाठी साधारणपणे आधी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) किंवा कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दिला जातो. तेवढ्याने भागलं नाही, किंवा ते औषध सोसवत नाही, की लांब पल्ल्याचं नायट्रेट येतं. क्वचितच ते एकट्याने दिलं जातं. बीटा ब्लॉकरशी त्याची जोडी विशेष चांगली जमते: नायट्रेटने रक्तदाब उतरला की हृदय धडधडू लागतं, ती धडधड बीटा ब्लॉकर आवरतो, आणि नायट्रेटच्या रिकाम्या तासांत पहाराही तोच देतो.

एकाच कुळातली वेगवेगळी औषधं

जिभेखालची गोळी आणि स्प्रे हे याच कुळातले, पण त्यांचं काम वेगळं. जिभेखालचं नायट्रोग्लिसरीन एक ते तीन मिनिटांत लागू होतं आणि अर्ध्या-एक तासात उतरतं. ते चालू दुखणं थांबवण्यासाठी, किंवा हमखास त्रास देणाऱ्या श्रमाच्या पाच-दहा मिनिटं आधी घेण्यासाठी. रोजची लांब पल्ल्याची गोळी चालू दुखण्यावर घेऊन उपयोग नाही. ती रक्तात उतरेपर्यंत फार उशीर होतो. दोन्ही औषधं घरात असतात, नावं जवळजवळ सारखी असतात, आणि घाईत नेमकी चुकीची गोळी हातात येते. जिभेखालच्या गोळीची बाटली वेगळ्या, ठरलेल्या जागी ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला ती ओळखता आली पाहिजे.

रोज घ्यायच्या औषधांत आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट जुनं. गिळलं की यकृत त्याचा मोठा भाग मोडून टाकतं आणि सरासरी जेमतेम पाव हिस्सा रक्तात पोहोचतो. शिवाय माणसागणिक त्यात बराच फरक पडतो. यकृताने मोडल्यावर जे उरतं त्यातलंच एक म्हणजे मोनोनायट्रेट. तेच थेट गोळीत भरलं की यकृताचा हा अडथळा उरत नाही. घेतलेलं जवळजवळ सगळं रक्तात येतं आणि डोसचा अंदाज नेमका बांधता येतो. आज मोनोनायट्रेट जास्त लिहिलं जातं त्याचं हे मोठं कारण.

मोनोनायट्रेट दोन रूपांत येतं. साधी गोळी बहुधा १० किंवा २० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा, सात तासांच्या अंतराने. आणि सावकाश विरघळणारी गोळी ३० किंवा ६० मिलिग्रॅमची, दिवसातून एकदाच, सकाळी उठल्यावर. गरजेनुसार ती १२० पर्यंत वाढवतात. पाकिटावर नावापुढे "एसआर", "ईआर" किंवा "एक्सएल" अशी अक्षरं असली तर ती सावकाश विरघळणारी. हा फरक पाकीट हातात घेऊन एकदा तपासाच. सावकाश विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा घेतली तर रिकामे तास उरतच नाहीत. आणि साधी गोळी "एकच तर घ्यायची आहे" म्हणून फक्त सकाळी घेतली तर संध्याकाळचं चालणं औषधाविना होतं.

डायनायट्रेट दिवसातून तीनदा लिहिलं असेल तर सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच अशा वेळा धरतात, म्हणजे संध्याकाळच्या गोळीनंतर सकाळपर्यंत सलग चौदा तास मोकळे राहतात. "तीनदा" म्हणजे दर आठ तासांनी, ही प्रतिजैविकांची सवय इथे नडते.

सोमवारची डोकेदुखी

शरीर नायट्रेटला सरावतं हे दवाखान्यांच्या आधी स्फोटकांच्या कारखान्यांत दिसलं. नायट्रोग्लिसरीन हाच डायनामाइटचा मुख्य घटक. तो हाताळणाऱ्या कामगारांच्या कातडीतून आणि श्वासातून शरीरात जायचा. सोमवारी कामावर आलं की डोकं ठणकायचं, दोन-तीन दिवसांत ठणका थांबायचा, सुटीच्या दिवसानंतर पुन्हा सोमवारी तेच. ठणका थांबायचा कारण शरीर सरावलेलं असायचं, आणि एका सुटीत ते सरावणं पुसलंही जायचं.

त्याच कारखान्यांत दुसरी, जास्त गंभीर गोष्ट दिसली. आठवडाभर नायट्रेटच्या सान्निध्यात राहिलेल्या काही कामगारांना सुटीच्या दिवशी छातीत दुखायचं. काहींचा अचानक मृत्यूही झाला. रोज मिळणारं नायट्रेट एकाएकी तुटलं की रक्तवाहिन्या उलट आवळल्या जातात. आजच्या रुग्णासाठी या कारखान्यांतून दोन सूचना निघतात, आणि त्या वरवर एकमेकींच्या विरुद्ध वाटतात: रोज काही तास औषध नको, आणि रोज घेत असलेलं औषध एकाएकी बंद करायचं नाही. दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत. रोजची सुटी ही ठरलेली, थोड्या तासांची आणि उतरत्या पातळीने येणारी असते. औषध संपलं म्हणून पडलेला आठवड्याचा खंड तसा नसतो.

सरावण्यामागे एकच कारण नाही. नायट्रेटचं नायट्रिक ऑक्साइडमध्ये रूपांतर करणारी विकरं (एन्झाइम) सतत वापराने थकतात, रक्तवाहिनीच्या भिंतीत ऑक्सिजनचे हानिकारक कण वाढतात, आणि रक्तदाब उतरलेला पाहून शरीर वाहिन्या आवळणारी संप्रेरकं सोडतं, पाणी धरून ठेवतं. याच्यावर डोस वाढवणं हा उपाय नाही. डोस वाढवला तर शरीर वाढीव डोसलाही सरावतं. साधारण १० ते १४ तास नायट्रेटची पातळी खाली राहू दिली की औषधाचा गुण परत येतो.

आठ-तीन आणि आठ-आठ

हे आकड्यांत पाहिलं की लगेच पटतं. मोनोनायट्रेटची रक्तातली पातळी साधारण दर पाच तासांनी निम्मी होते. गोळी विरघळायला लागणारा वेळ बाजूला ठेवून ढोबळ हिशेब करू, आणि समजण्यापुरती १० मिलिग्रॅमची एक रेषा कल्पू: शरीरात त्याहून कमी उरलं की "औषध उतरलं" म्हणायचं.

रोज सकाळी आठ आणि दुपारी तीन अशा २० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या चालू आहेत. सकाळी आठला पहिली घेतली. तीन वाजेपर्यंत त्यातलं ८-९ मिलिग्रॅम उरतं, त्यात दुसरी २० ची पडली की सुमारे २८ होतात. रात्री आठला १४. साडेदहाच्या सुमारास रेषेखाली. पहाटे सहाला साडेतीन. सकाळी आठला तीनहून कमी, आणि तेव्हा पुढची गोळी. रात्री साडेदहापासून सकाळी आठपर्यंत सलग साडेनऊ तास शरीर जवळजवळ मोकळं.

आता त्याच दोन गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठला. प्रत्येक गोळीनंतर पातळी २४-२५ पर्यंत चढते, साडेसहा तासांनी रेषेखाली येते, आणि साडेपाच तासांत पुढची गोळी येऊन ती पुन्हा चढवते. पहाटे अडीच ते आठ आणि दुपारी अडीच ते आठ असे दोन तुकडे मोकळे मिळतात. बेरीज केली तर ११ तास, पण सलग असे कधीच नाहीत. शिवाय दुपारी अडीचनंतर, म्हणजे माणूस हिंडता-फिरता असताना, औषध उतरलेलं. आणि तो झोपलेला असताना मध्यरात्री भरपूर. गोळ्या तितक्याच, पण सरावणं आणि अपुरं संरक्षण असे दोन्ही तोटे पदरात.

मोकळे तास रात्रीच ठेवतात कारण बहुतेकांना दुखतं ते दिवसा, श्रमात. पण सगळ्यांचं तसं नसतं. काहींना आडवं पडल्यावर किंवा पहाटे दुखून जाग येते. अशांच्या बाबतीत डॉक्टर वेळापत्रक उलटं करू शकतात: संरक्षण रात्री, सुटी दिवसा. म्हणून आपलं दुखणं दिवसाच्या कोणत्या वेळी येतं हे लिहून ठेवणं आणि डॉक्टरांना दाखवणं फार उपयोगाचं असतं. महिनाभराची साधी वही पुरते: तारीख, वेळ, काय करताना दुखलं, किती मिनिटं, जिभेखालच्या किती गोळ्या लागल्या. "आता बरं वाटतंय का" या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा या वहीतून डॉक्टरांना जास्त कळतं.

मोकळ्या तासांच्या शेवटी, म्हणजे पहाटे आणि सकाळच्या पहिल्या गोळीआधी, काहींना उलट जास्त दुखतं. ही त्या पद्धतीची खरी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गोळी वाढवून किंवा रात्री एक जादा घेऊन ती भरून काढू नका. डॉक्टरांना सांगा, त्या वेळेसाठी बीटा ब्लॉकर किंवा दुसरं औषध बसवता येतं. आणि उठल्याबरोबर गोळी न घेता लगेच पाण्याच्या बादल्या उचलणं किंवा फिरायला निघणं टाळा. आधी गोळी, मग आवराआवर, मग श्रम.

गोळी विसरली तर? सावकाश विरघळणारी गोळी सकाळची राहिली आणि दुपारच्या आत आठवली तर घ्या. संध्याकाळी आठवली तर त्या दिवसाची सोडून द्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीच नाही.

ही सावकाश विरघळणारी गोळी चावू नका, कुटू नका. दिवसभराचा साठा तासाभरात रक्तात उतरला तर रक्तदाब धाडकन खाली येईल. मधोमध रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण सगळ्या नाहीत. केमिस्टला विचारूनच तोडा. आणि कधी शौचात गोळीचं रिकामं कवच जसंच्या तसं दिसलं तर घाबरू नका. औषध त्यातून झिरपून गेलेलं असतं, उरतो तो सांगाडा.

पॅच लावायचा तर काढायचाही

नायट्रोग्लिसरीनचा पॅच कातडीतून सावकाश औषध सोडतो. याच्या पाकिटावर "५ मिलिग्रॅम/२४ तास" किंवा "१०/२४ तास" असं छापलेलं असतं, आणि तिथेच घोळ होतो. तो आकडा औषध किती वेगाने झिरपतं ते सांगतो. अँजायनासाठी पॅच अंगावर ठेवायचा साधारण १२ ते १४ तासच. सकाळी लावा, रात्री झोपताना काढा. काढायला विसरलेला पॅच ही सरावण्याची सरळ वाट आहे. फोनमध्ये लावण्याचा गजर असतो, काढण्याचा बहुधा नसतो, तोही लावा.

जागा छातीची किंवा दंडाच्या वरच्या भागाची, केस कमी असलेली, कोरडी, न खरचटलेली. आंघोळीनंतर लावायचा असेल तर अंग पूर्ण पुसून, थंड होऊ द्या. क्रीम-तेल लावलेल्या कातडीवर तो धरत नाही. रोज जागा बदला, नाहीतर तिथे लाल होऊन खाज सुटते. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जातं. पॅच कापून अर्धा करायचा नाही. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू एकमेकींवर दुमडून, मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही असा टाका. एमआरआय करायचा असेल तर पॅच आहे हे आधी सांगा. काही पॅचमध्ये धातूचा पातळ थर असतो आणि तिथे कातडी भाजू शकते.

डोकं दुखणं आणि भोवळ

सुरुवातीच्या दिवसांत डोकं ठणकणं हा या औषधाचा सर्वांत नेहमीचा त्रास. डोक्याच्या वाहिन्याही सैलावतात, म्हणून ठणकतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत कमी होतं. तोवर पॅरासिटामॉल चालतं. डोस मुळातच लहान सुरू करून, उदाहरणार्थ ६० ऐवजी ३० मिलिग्रॅमपासून, वर नेला तर ठणका बराच सुसह्य होतो. डोकं दुखतं म्हणून गोळी एक दिवसाआड घेणं, किंवा रात्री झोपेच्या वेळी घेणं, हे मनाने करू नका. त्याने रिकामे तास विस्कटतात आणि डोकेदुखी दरवेळी नव्याने सुरू होते.

भोवळ येते ती उठताना. पलंगावरून उठताना आधी कडेला बसा, पाय हलवा, मिनिटभराने आधार धरून उभे राहा. रात्री लघवीला उठताना हे विशेष पाळा. कडक गरम पाण्याची आंघोळ, दारू, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होणं, आणि लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधं यांनी भोवळ वाढते. घेरी आलीच तर उभ्याने सावरत बसू नका. लगेच आडवे व्हा आणि पाय उंच ठेवा. रक्तदाब मोजताना एकदा बसून आणि एकदा उभं राहून मोजला तर उठताना पडणारा फरक पकडता येतो.

ज्यांना महाधमनीची झडप खूप अरुंद झालेली आहे, हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताच्या वाटेत अडथळा आलेला आहे, किंवा ज्यांचा वरचा रक्तदाब ९० च्या खाली राहतो, त्यांना नायट्रेट सहसा देत नाहीत. तिथे हृदयाकडे येणारं रक्त कमी झालं तर पंपच रिकामा पडतो.

एक जोडी कधीही नाही

सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, वार्डेनाफिल, अॅव्हॅनाफिल ही लैंगिक ताठरतेसाठीची औषधं नायट्रेटसोबत कधीही घ्यायची नाहीत. नायट्रेट वाहिन्यांना सैल पडण्याचा जो निरोप देतं, तो पुसण्याचं काम शरीरातलं एक विकर करत असतं; ही औषधं त्या विकरालाच अडवतात. निरोप येतच राहतो, पुसला जातच नाही, आणि रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जातो. रोज लांब पल्ल्याचं नायट्रेट घेणाऱ्यांनी ती घ्यायचीच नाहीत. रात्रीच्या रिकाम्या तासांत घेतली तर चालेल, असं मुळीच नाही. ज्याने सिल्डेनाफिल किंवा वार्डेनाफिल घेतलं आहे त्याला पुढचे २४ तास, आणि टॅडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास, छातीत दुखलं तरी कोणतंही नायट्रेट द्यायचं नसतं.

हे संकोचामुळे सांगितलं जात नाही, आणि तिथेच माणसं दगावतात. तपासणारे डॉक्टर हा प्रश्न उपचार ठरवण्यासाठी विचारतात, चारित्र्य मोजण्यासाठी नाही. शिवाय टॅडालाफिल प्रोस्टेटच्या त्रासासाठीही रोज दिलं जातं, आणि सिल्डेनाफिल फुप्फुसांच्या वाहिन्यांमधल्या वाढलेल्या दाबासाठी. ते घेणाऱ्याला आपण "ती" गोळी घेतो याची कल्पनाही नसते. फुप्फुसांच्या त्याच आजारासाठीचं रिओसिग्वाटही नायट्रेटसोबत चालत नाही. अँजायनासाठी दिलं जाणारं निकोरँडिल नावाने वेगळं असलं तरी त्यात नायट्रेटचा अंश आहे, म्हणून त्यालाही हाच नियम.

दुखू लागलं की

चालणं थांबवा, खाली बसा. उभ्याने गोळी घेतली तर भोवळ येऊन पडाल. एक गोळी जिभेखाली, किंवा स्प्रेचा एक फवारा. घड्याळ बघा. पाच मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढतच चाललं, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी दुसरी आणि तिसरी गोळी घेता येते, त्यापुढे नाही. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी अॅस्पिरिन चावून खा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नका.

बसलेलं असताना दुखलं, पूर्वी दोन जिने चढून दुखायचं ते आता दहा पावलांत दुखू लागलं, घाम फुटून मळमळलं, किंवा आठवड्याला एक लागणारी जिभेखालची गोळी रोज लागू लागली, तर हा अँजायना आता स्थिर राहिलेला नाही. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

जिभेखालच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या हवेत आणि उष्णतेत लवकर निकामी होतात. मूळ काचेच्या बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा, आठवड्याच्या गोळ्यांच्या प्लॅस्टिक डबीत काढून ठेवू नका, आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. उघडल्यानंतर किती दिवसांत टाकून द्यायची ते लेबलवर असतं. स्प्रे जास्त काळ टिकतो.

बंद करायची वेळ आली तर

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर, किंवा दुसऱ्या औषधांनी दुखणं कित्येक महिने पूर्ण थांबल्यावर, लांब पल्ल्याच्या नायट्रेटची गरज उरते का हे डॉक्टरांना जरूर विचारा. ते लक्षणांसाठीचं औषध आहे. लक्षणंच नसतील तर ते वर्षानुवर्षं घेत राहण्याचं कारण नाही. मात्र ते कमी करत बंद करायचं: १२० असेल तर ६०, मग ३०, प्रत्येक पायरीवर साधारण आठवडा-दोन आठवडे थांबून. त्याच काळात बीटा ब्लॉकरला हात लावायचा नाही. पायरी उतरल्यावर दुखणं परत आलं तर वहीत नोंद करून आधीच्या पायरीवर परत जाता येतं. आणि नायट्रेट पूर्ण थांबल्यावरही जिभेखालची गोळी खिशात राहू द्यायची.